जिंकल्यात जमा असलेली मॅच

आजचा भाग जरा वेगळा आहे. कोडिंग नाही, इंटरव्ह्यूच्या टिप्स नाहीत, पगाराची चर्चा तर अजिबात नाही. आज बास्केटबॉल. थांबा, थांबा, लगेच पुढे ढकलू नका. बास्केटबॉलमधलं काही कळत नसलं तरी चालेल. २०२२ पर्यंत मलाही काही कळत नव्हतं. शाळेच्या मैदानावर एक गंजलेली रिंग होती, तिला जाळी नव्हती, आणि आम्ही तिच्याखाली क्रिकेट खेळायचो. एवढाच आमचा संबंध.

तर झालं असं, की बी.टेक. करून मी पुण्यात नोकरीला लागलो आणि २०२२ मध्ये कंपनीने मला ऑनसाइट पाठवलं. कुठे? तर इंडियानापोलिस. घरी फोन केला तर आई म्हणाली, न्यूयॉर्कच्या जवळ का? म्हटलं, हो, तसं सांगायला हरकत नाही.

तिथे मला रूममेट मिळाला कोल्हापूरचा. त्याचं नाव सांगणार नाही, तसं त्याने बजावलंय. आपण त्याला कोल्हापूरकरच म्हणू. तो पर्ड्यू युनिव्हर्सिटीतून एमएस झालेला. पर्ड्यू म्हणजे इंडियाना राज्यातलं इंजिनिअरिंगचं मोठं नाव. नील आर्मस्ट्राँग तिथलाच. ही माहिती मला पहिल्या आठवड्यात साधारण सहा वेळा मिळाली. त्यांच्या टीमचं नाव ‘बॉयलरमेकर्स’, म्हणजे बॉयलर बनवणारे. मॅस्कॉट हातात हातोडा घेतलेला एक माणूस, आणि शिवाय एक इंजिन, रेल्वेचं असतं तसं. मी म्हटलं, लेका, ही टीम आहे की आयटीआय?

पण त्या हिवाळ्यात तो मला त्यांच्या मॅकी अरीनात एक मॅच बघायला घेऊन गेला आणि माझं काम झालं. चौदा हजारांवर माणसं, सगळी काळ्या-सोनेरी कपड्यांत, आजोबांपासून नातवापर्यंत. बाहेर बर्फ आणि आत पंढरपूर. मला तोपर्यंत त्या देशात आपण कुठल्या गर्दीचा भाग आहोत असं एकदाही वाटलं नव्हतं. ऑफिसमध्ये मी ‘ऑफशोअरकडून आलेला मुलगा’ होतो. इथे माझ्या शेजारच्या बाईने, ओळख ना पाळख, बास्केट पडल्यावर मला मिठीच मारली.

आणि टीम त्या वर्षी जबरदस्त होती. झॅक एडी नावाचा सेंटर, टोरांटोचा पोरगा, उंची सात फूट चार इंच. टीव्हीवर नाही कळत ते. समोर बघितल्यावर कळतं की हा माणूस उडी न मारताच बाकीच्यांच्या वर पोचलेला असतो. बाकी कोच मॅट पेंटर, दोन नवखे पण हुशार गार्ड्स, बिग टेन लीग जिंकलेली, लीगची स्पर्धाही जिंकलेली. २९ जिंकल्या, ५ हरल्या. अशा थाटात टीम मार्चमध्ये पोचली.

आता मार्चची भानगड सांगतो. तिकडे कॉलेज बास्केटबॉलची राष्ट्रीय स्पर्धा मार्चमध्ये असते. ६८ टीम्स, एकदा हरलात की घरी. चार विभाग, प्रत्येक विभागात १ ते १६ नंबर लावतात, आणि पहिल्या फेरीत १ नंबरवाला १६ नंबरवाल्याशी खेळतो. म्हणजे आपल्याकडे नारळ फोडायला एखादी मॅच ठेवावी तसं. १९८५ पासून अशा १५१ मॅचेस झालेल्या होत्या आणि त्यातल्या १५० एक नंबरवाल्याने जिंकलेल्या. फक्त एकदा, २०१८ साली, व्हर्जिनिया हरली होती. पर्ड्यू त्या वर्षी १ नंबर. समोर १६ नंबरवाली फेअरली डिकिन्सन, न्यू जर्सीची. मॅच शुक्रवार, १७ मार्च २०२३, संध्याकाळी, ओहायोमधल्या कोलंबसला. आमच्यापासून साधारण १७५ मैल. सरळ आय-७० पकडायचा आणि पूर्वेला जायचं. जाऊन-येऊन एका दिवसाचं काम.

पण आम्ही गेलो त्याचं कारण मॅच नव्हती. म्हणजे होती, पण तेवढीच नव्हती.

तुमच्यापैकी ज्यांचं तिकडे शिकायला जायचं चाललंय त्यांनी हे नीट ऐका. कोल्हापूरकर २०२० मध्ये पास झाला. शिक्षणानंतर कामाची तीन वर्षं मिळतात, ती २०२३ च्या जूनमध्ये संपत होती. त्यानंतर राहायचं तर एच-१बी हवा. एच-१बी वर्षाला ८५ हजार, आणि मागणारे त्याच्या कितीतरी पट, म्हणून लॉटरी. तुमची हुशारी, तुमचे मार्क, तुमचा मॅनेजर किती खूश आहे, तेव्हा कशाचा संबंध नव्हता. कंप्युटर नाव उचलायचा. त्याचं नाव २०२१ ला उचललं नव्हतं, २०२२ ला उचललं नव्हतं. हा शेवटचा चान्स. आणि त्या वर्षीची नावं नोंदवायची मुदत संपत होती... १७ मार्चला दुपारी बारा वाजता.

मॅचच्याच दिवशी. हे आम्ही ठरवलेलं नव्हतं हो, ड्रॉ तसा लागला.

नोंदणी कंपनीचे वकील करतात, आपल्या हातात काहीच नसतं. त्याचं झालंय असा मेल सोमवारीच आलेला होता. तरी शुक्रवारी सकाळी हा माणूस लॅपटॉप उघडून बसलेला, मेल परत परत वाचतोय. अर्ज नंबरातला एक-एक आकडा बोटाने मोजतोय. मी कंपनीच्या एल-१ वर होतो, मला ही लॉटरीची भानगडच नव्हती, त्यामुळे मी काहीही बोललो तरी ते फुकटचं वाटलं असतं. मी मुकाट्याने चपातीचे रोल करत होतो. बाराला पाच कमी असताना तो उठला, लॅपटॉप बंद केला आणि म्हणाला, “चल भावा. आज एक तरी गोष्ट नक्की जिंकणारी बघू.”

एकला निघालो. गाडीत बटाट्याच्या भाजीचे रोल, चिवड्याचा मोठा डबा, आणि दोन पर्ड्यूचे टी-शर्ट, त्यातला एक उसना. इंडियाना संपून ओहायो लागतं ते तुम्हाला कळणारही नाही, दोन्हीकडे सपाट शेतं, मार्चमधली करडी, कापून ठेवलेला मका. कोल्हापूरकर गाडी चालवताना एकदम खुशीत. त्याचा हिशोब तयार होता: “माझा चान्स समज चारात एक. ह्या फेअरली डिकिन्सनचा दीडशेत एक. म्हणजे त्यांच्यापेक्षा मी लई बरा.” हायवेवर डेटनची पाटी आली. दोनच दिवसांपूर्वी फेअरली डिकिन्सन तिथे प्राथमिक फेरीची मॅच जिंकली होती, टेक्सस सदर्नविरुद्ध, आणि ड्रेसिंग रूममध्ये त्यांचा कोच टोबिन अँडरसन पोरांना म्हणाला होता की पर्ड्यूला जितकं बघतोय तितकं वाटतंय आपण त्यांना हरवू शकतो. कॅमेऱ्यात आलं ते. सगळ्या पर्ड्यूवाल्यांना राग आलेला. कोल्हापूरकर हसत होता. “बोलू दे की बिचाऱ्याला.”

बिचाराच होता तसा. त्या टीमने आदल्या सीझनला फक्त ४ मॅचेस जिंकल्या होत्या आणि २२ हरल्या होत्या. हा कोच खालच्या डिव्हिजनमधल्या एका छोट्या कॉलेजातून आला, येताना आपली तीन पोरं घेऊन आला. स्वतःच्या लीगची फायनलसुद्धा ते हरलेले. जिंकलेली टीम नियमात बसत नव्हती म्हणून ह्यांना पाठवलं. आणि डिव्हिजन वनच्या साडेतीनशेहून जास्त टीम्समध्ये ही सगळ्यात बुटकी टीम. त्यांचा डीमेट्री रॉबर्ट्स पाच फूट आठ इंच. म्हणजे मंडळी, माझ्याएवढा.

कोलंबसला पोचलो तर सगळं गाव हिरवं. सेंट पॅट्रिक्स डे होता. दुपारपासून प्यायलेली पोरं रस्त्यावर, त्यात मधेच आमच्यासारखे काळे-सोनेरी. नेशनवाइड अरीनाच्या पार्किंगमध्ये गाडीतच बसून रोल खाल्ले, कारण आत खायचं नेता येत नाही. चिवडा गाडीतच राहिला. ह्या चिवड्याचं पुढे काम आहे.

आमच्या शेजारच्या सीटवर एक आजोबा आणि आजी, लाफायेटजवळच्या गावातले. आजोबांनी सांगितलं की १९८० साली पर्ड्यू शेवटच्या चारात गेली होती, ती मॅच इंडियानापोलिसलाच होती आणि ते स्वतः तिथे होते. “तेव्हा मी तुमच्या वयाचा होतो,” म्हणाले. त्यानंतर ४३ वर्षं नाही. आदल्या दोन वर्षांत तर नॉर्थ टेक्सस आणि सेंट पीटर्स अशा छोट्या टीम्सनी पर्ड्यूला बाहेर काढलेलं. मी विचारलं, मग अजूनही येता? त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं मी विचारलं असावं की अजूनही जेवता का.

मॅच सुरू झाली. आणि पहिल्या पाच मिनिटांतच मला काहीतरी खटकायला लागलं. तुम्ही कबड्डी बघितली असेल. उंचापुरा, दांडगा रेडर आत येतो आणि ती चपळ पोरं त्याला भिडत नाहीत, नुसती अंतर ठेवून फिरतात, एक पुढे, एक मागे, आणि एकदम साखळी आवळतात. तसंच चाललेलं. एडीच्या पुढे एक पोरगा उभा, मागे एक उभा. बॉल त्याच्यापर्यंत पोचायचाच रस्ता बंद. आणि बॉल आणणाऱ्या गार्ड्सच्या अंगावर ही बुटकी पोरं पूर्ण कोर्टभर पळतायत, दमतच नाहीत. एडीला दोघं धरतात म्हणजे बाहेर कोणीतरी मोकळं असणारच. होते ना! मोकळे होते, मारत होते, आणि पडत नव्हते. पूर्ण मॅचमध्ये पर्ड्यूने २६ थ्री मारले, ५ पडले. १६ वेळा बॉल हातातून घालवला.

हाफटाइमला फेअरली डिकिन्सन ३२, पर्ड्यू ३१. लोक अजून हसत होते, म्हणजे घाबरून हसतात तसं. आजोबा हसत नव्हते.

दुसऱ्या हाफमध्ये एक विचित्र गोष्ट झाली. त्याच तिकिटावर नंतर दुसरी मॅच होती, मेम्फिस विरुद्ध फ्लोरिडा अटलांटिक, त्यामुळे त्यांचे फॅन्सही येऊन बसलेले. त्यांना आमच्याशी देणंघेणं नाही. पण हळूहळू ते सगळे छोट्या टीमकडून ओरडायला लागले. मग हिरवे टी-शर्टवालेही. अर्ध्या तासात आम्हीच पाहुणे झालो. आणि खरं सांगू? मी जर मेम्फिसचा असतो तर मीही तेच केलं असतं. आयुष्यभर आपण कोणाच्या बाजूने असतो? बांगलादेशने कांगारूंना हरवलं की आपण पेढे वाटतो की नाही? माझ्याच उंचीचा पोरगा सात फुटी माणसाच्या बाजूने सुसाट जातोय आणि माझ्या अंगात टी-शर्ट चुकीचा!

हे मी कोल्हापूरकरला नाही सांगितलं. त्याच्याकडे बघितलं तर तो मॅच बघतच नव्हता. वरच्या स्कोअरबोर्डकडे बघत होता, जसं सकाळी मेलकडे बघत होता.

शेवटची नऊ मिनिटं एडीला एक शॉट मारायला मिळाला नाही. देशातला सगळ्यात दमदार खेळाडू, २१ पॉइंट्स आणि १५ रिबाउंड्स त्याच्या नावावर, आणि मॅच हातातून जाताना त्याच्या हातात बॉलच नाही. एक मिनिट राहिलं असताना शॉन मूर नावाच्या पोराने थ्री मारला, ६१-५६. हा मूर त्याच कोलंबस भागात वाढलेला. त्याचे १९ झाले. शेवटी शेवटी बरोबरी करायला पर्ड्यूने एक थ्री मारला, तो हवेत असताना आजींनी माझा हात धरला होता. लागला नाही. ६३-५८.

आवाज इतका होता की काही ऐकू येत नव्हतं, आणि आमच्या रांगेत कोणी बोलत नव्हतं. आजोबांनी टोपी काढली, केसांवरून हात फिरवला, परत घातली. जाताना आम्हाला म्हणाले, “सावकाश चालवा, पोरांनो. रस्ते ओले आहेत.” बस्स.

मी म्हटलं, निघायचं? कोल्हापूरकर म्हणाला, “दुसऱ्या मॅचचे पैसे पण दिलेत.” म्हणून बसलो. रागावलेला माणूस पैसे वसूल करतोच. आणि तीही मॅच कशी, तर मेम्फिस हातातली मॅच शेवटच्या काही सेकंदांत हरली, ६६-६५. दोन तासांपूर्वी आमच्यावर नाचणारे निळ्या टी-शर्टवाले आता डोकं धरून बसलेले. मला आनंद झाला पाहिजे होता. नाही झाला.

मध्यरात्र उलटून गेल्यावर आय-७० ला लागलो. रेडिओवर हेच. इतिहासात दुसऱ्यांदा. साडेतेवीस पॉइंट्सनी हरतील असं धरलेली टीम जिंकली. मी रेडिओ बंद केला. बराच वेळ नुसते ट्रक.

मग मला एकदम आठवलं. म्हटलं, अरे आज १७ मार्च. २००७ ला ह्याच तारखेला वर्ल्ड कपमध्ये आपण बांगलादेशकडून हरलो होतो. १९१ ऑलआउट. सचिन, सेहवाग, द्रविड, गांगुली, सगळे असताना. मी दहा वर्षांचा होतो, रडलो होतो, आणि बाबांनी टीव्हीची वायर काढून ठेवली होती. कोल्हापूरकर एकदम हसायला लागला. इतका हसला की पुढच्या एक्झिटला पेट्रोल पंपावर गाडी घ्यावी लागली. आमच्याकडे म्हणे गल्लीत टीव्ही फोडला होता एकाने, आणि दुसऱ्या दिवशी त्यालाच पश्चात्ताप, कारण संध्याकाळी सिरियल.

पंपावर कॉफी घेतली, गाडीच्या बॉनेटवर चिवड्याचा डबा उघडला. रात्रीचे दोन, थंडी, आणि आम्ही चिवडा खातोय. तेव्हा तो बोलला. तीन वर्षांत पहिल्यांदा बोलला असेल. एमएसचं कर्ज घरावर काढलेलं आहे. अजून बरंच बाकी आहे. डॉलरमध्ये दोन वर्षांत फिटलं असतं. रुपयांत किती वर्षं, ते त्याने एक्सेलमध्ये काढून ठेवलेलं. ती फाइल तो रोज उघडत होता म्हणे, आकडा बदलतोय का बघायला. घरी सांगितलंयस का, विचारलं. म्हणाला, “आईला सांगितलंय की नंबर लागतोच. एमएसवाल्यांचा वेगळा कोटा असतो.” मग थोडं थांबून, “दीडशेत एकाचं बघितलंस नव्हं आज?”

ते तो कुठल्या बाजूने म्हणाला, मला तेव्हाही कळलं नाही. म्हणजे तो पर्ड्यू होता की फेअरली डिकिन्सन.

मार्चअखेर निकाल आला. त्याचं नाव नव्हतं. नंतर कळलं, त्या वर्षी सात लाख ऐंशी हजारांवर नोंदण्या झाल्या होत्या, आदल्या वर्षी पावणेपाच-पाच लाखांच्या आसपास होत्या. एकाच माणसाच्या नावाने चार-चार कंपन्यांनी चिठ्ठ्या टाकलेल्या. पुढच्या वर्षीपासून नियम बदलला, एक माणूस एक चिठ्ठी. ह्याला काय उपयोग? जुलैच्या शेवटी दुसरी फेरी काढली, तेव्हा हा कोल्हापुरात रंकाळ्यावर बसलेला होता. त्या फेरीतही नव्हतं. आता पुण्यात नोकरी करतो. एक्सेलची फाइल अजून आहे.

ज्यांना हे ऐकून वाटतंय की मग जाऊच नये का, तर ते मी सांगणार नाही. मला मेसेज करून विचारू नका. फक्त घरावर कर्ज काढताना त्या एक्सेलमध्ये दुसरा कॉलमही काढा, रुपयांतला. तो आधी काढा. त्याने शेवटी काढला.

माझं प्रोजेक्टही त्या वर्षअखेर संपलं आणि मीही परत आलो.

आणि पुढच्या वर्षी काय झालं माहितेय? तीच पर्ड्यू, तोच एडी, तोच कोच, फायनलला पोचले. १९८० नंतर पहिल्यांदा शेवटच्या चारात, आणि मग फायनल. मला त्या आजोबांची आठवण झाली, पण माझ्याकडे ना त्यांचं नाव ना नंबर. फायनल ८ एप्रिल २०२४ च्या रात्री, म्हणजे आपल्याकडे ९ एप्रिल, सकाळी सात वाजण्याच्या आत. गुढीपाडवा.

आता कल्पना करा. आई बाल्कनीत, तांब्या पालथा घालायचा, साडी नेसवायची, कडुलिंब बांधायचा. मी एका हातात काठी धरलेली, दुसऱ्या हातात फोनवर स्कोअर. समोर कनेक्टिकट, आदल्या वर्षीची चॅम्पियन. कोल्हापूरकर गावी होता, त्याचे मेसेज चालू. एडीचे दहा. एडीचे वीस. एडीचे तीस. बाकीच्यांचं काही नाही. आई म्हणतेय, काठी सरळ धर. ३७ केले एडीने. आणि ७५-६० हरले.

कोल्हापूरकरचा मेसेज आला: “ह्या वेळी निदान बॉल तरी दिला त्याला.”

मी फोन खिशात ठेवला. आईने माझ्या तोंडाकडे बघितलं आणि विचारलं, काय झालं, कोण हरलं?

म्हटलं, “कॉलेज.”

“कुणाचं?”

“आमचं.”

“तुझं कॉलेज तर सांगलीला आहे,” आई म्हणाली, आणि कडुलिंबाचं पान माझ्या तोंडात कोंबलं.

चला मंडळी, भेटू पुढच्या भागात.